शनिवारचा भोंगा

भोंगा वाजला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाच्या मनात किंतु नको. चांगला खणखणीत वाजला आणि बराच वेळ वाजला. मी ऐकला, माझ्या भावानं ऐकला, आईनं ऐकला, आणि आप्पांनी तर आम्हा सगळ्यांच्या आधी ऐकला.

नंतर मात्र आप्पा म्हणायला लागले की भोंगा वाजलाच नाही. आणि ते तसं म्हणाले म्हणून माझ्या भावावर तुरुंगात जायची पाळी आली.

भाऊ माझ्याहून लहान. आता चांगला बाप्या झालाय, कपाळ मागे सरकायला लागलंय, पण घरात तो बारक्या तो बारक्याच. धरणाच्या खाली नदीकाठानं जे भोंग्यांचे खांब आहेत, ते त्याच्या हाताखाली उभे राहिले आणि त्यांची देखभालही त्याच्याकडेच होती. भोंगा वाजला नसेल, तर त्या दिवशी दोन माणसं बारक्याच्या हलगर्जीपणानं मेली. त्यातली एक आमची आई. दुसरा शेजारच्या तंबूतला एक चष्मेवाला, ज्याचं आम्ही नावसुद्धा नीट विचारलं नव्हतं.

आमच्या घराला एकच कायदा होता आणि तो आईनं केला होता. चारचौघांत आप्पांना खोडायचं नाही. ते चुकत असले तरी नाही. एकदा आप्पांनी एका पाहुण्याला भलत्याच थांब्यावरून बस सुटते म्हणून सांगितलं. मी तोंड उघडायला गेले तर आईनं टेबलाखालून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्याची बस चुकली, तो परत आला, रात्रभर माझ्या पलंगावर घोरला आणि मी जमिनीवर झोपले. आईचा शब्द होता 'नंतर'. आणि नंतर ती खरंच सांगायची, बरं का. स्वयंपाकघरात, नळ सोडून, खालच्या आवाजात. आप्पा तिचं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी स्वतःलाच सुचल्यासारखं आपलं बोलणं फिरवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची आणि वर्षानुवर्षं तिनं ती मूठ झाकून धरली. तिचा कायदा काही वेडेपणाचा नव्हता, हे मला मान्य केलं पाहिजे.

माझी मात्र त्या कायद्याखाली फार घुसमट व्हायची. मी दवाखान्याच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची नावं पुकारायची, तीही शेवटच्या बाकापर्यंत पोचतील अशी. असा गळा घेऊन घरी मूग गिळून बसायचं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत.

आप्पा धरणावर दरवाज्यांचे मुकादम होते. धरणाच्या माथ्यावर त्यांची एक खोली होती, नदीकडे खिडकी, भिंतीला दरवाजे उचलायचे लोखंडी दांडे, आणि कोपऱ्यात भोंग्याची मूठ. दर शनिवारी दुपारी ते ती मूठ दाबून धरत, एकच लांब आवाज. ती चाचणी. खालच्या वस्त्यांतली माणसं त्या आवाजावर जेवायला बसायची. खरंच पाणी सोडायचं असलं की मग तुटक आवाज, थांबून थांबून, ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असे. तो फरक आप्पांच्या हाडांत भिनला होता. आणि या शनिवारच्या पायी आम्ही जन्मात कधी सहलीला गेलो नाही. इतर पोरं डबे घेऊन बागेत जायची आणि आम्ही घरी बसून आमच्या बापाचा भोंगा ऐकायचो.

मग यंत्रं आली. दरवाजे शहरातल्या एका खोलीतून उघडायला लागले. आप्पांना मुदतीच्या आधीच घरी बसवलं, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन भाषणं ऐकवली. धरणाजवळची जागा सोडून आम्ही शहरात आलो, तिथं भोंगा ऐकूच येत नव्हता. हेही त्यांनी गिळलं असतं. पण त्यांच्या खोलीतले दांडे काढायला जी माणसं गेली, त्यांत हातात पाना घेऊन आमचा बारक्या होता. त्याच खात्यात तो शिकून लागला होता, त्याचा काय दोष? पण आप्पांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. एकाच टेबलाशी जेवायचे, आणि आईला म्हणायचे, त्याला सांग, मीठ इकडे दे. बारक्या हातभर अंतरावर. आई म्हणायची, अरे मीठ दे. बारक्या मीठ द्यायचा. हसावं की रडावं कळत नसे.

नवीन पद्धतीबद्दल बारक्यानं त्यांना सांगायचा प्रयत्न केला होता. आता चाचणी भोंग्यावर होत नाही, ती यंत्रातल्या यंत्रात होते, आवाज न करता. आता भोंगा वाजला म्हणजे पाणी आलं, आणि तो एकच लांब वाजतो, कारण बाहेरगावच्या माणसांना तुटक काय आणि लांब काय, कळत नाही. हे तो भिंतीकडे बघून, जणू स्वतःशीच बोलतोय असं बोलला. आप्पांनी उठून रेडिओ मोठा केला. पालथ्या घड्यावर पाणी. नंतर आईनं स्वयंपाकघरात नळ सोडून सांगून पाहिलं असेल का? मला वाटतं नसेल. हा एक विषय ती त्यांच्याकडे काढतच नसे.

तंबूची कल्पना आईचीच. शहरापासून तासाभराच्या आत, डोंगराच्या घळीत, नदीकाठी तंबू लावायची जागा आहे, हे तिला कुणीतरी दुकानात सांगितलं. तंबू भाड्यानं मिळतात, चुलीला जागा असते. तिनं मनात हिशेब केला की तंबूत वेगळ्या खोल्या नसतात आणि रेडिओ लागत नाही. नदी आप्पांची, म्हणजे ते खुश राहतील. एका दिवसात बापलेक बोलले तर बोलले. मला ती म्हणाली, तेवढं एक झालं की मी सुटले. मी म्हटलं, थंडीत नदीकाठी झोपून न्यूमोनिया होईल तो वेगळा. पण गेले. न जाऊन सांगते कुणाला.

निघायच्या आधी तिनं आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं. आज काहीही झालं तरी त्यांना दुखवायचं नाही. बारक्या हो म्हणाला. मी म्हटलं, बघते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मीही हो म्हटलं.

बारक्या गाडी चालवत होता. आई पुढे, कारण पुढे बसून तिला सगळ्यांवर नजर ठेवता यायची. फाटकाशी एक मोठी पाटी होती, लाल अक्षरांत. भोंगा एकच आणि लांब वाजला तर सामान टाकून ताबडतोब वर जा. आप्पांनी काच खाली करून ती वाचली आणि पोट धरून हसले. म्हणाले, बघा, उलटं लिहून ठेवलंय, शनिवारची चाचणी झाली की सगळे पळत सुटतील. म्हणे शिकलेली माणसं. बारक्यानं स्टिअरिंगवरचे हात आवळले. तो "आप्पा" इतकंच म्हणाला, आणि आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "नंतर." फाटकावरचा चौकीदार खिडकीशी उभा होता ना, म्हणून.

गाड्या वर, खडकाच्या सपाटीवर ठेवायच्या. तिथून पायवाट खाली उतरायची. मध्ये एका टप्प्यावर नळ आणि अंघोळीच्या खोल्या, आणि अगदी खाली, पाण्यालगत, वाळूचा सपाट पट्टा, तंबूंसाठी आखलेला. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे. वर आभाळाची एक पट्टी, निळीभोर. पाणी इतकं उथळ की तळाचे गोटे मोजावेत. आदल्या रात्री लांब वरच्या डोंगरात धो धो पाऊस झाला होता, पण खाली त्याचा मागमूस नव्हता. हंगाम संपला होता, त्यामुळे गर्दी नव्हती. वळणापलीकडे कॉलेजची पोरं मोठ्यानं गाणी लावून बसली होती. आमच्या शेजारी एकच तंबू, चष्मेवाला आणि त्याची बायको. नवीन लग्न झालेलं असावं, एकमेकांची फार काळजी घेत होते.

आणि आप्पा! मी आप्पांना असं कधी पाहिलंच नव्हतं. तंबू कुठल्या तोंडानं लावायचा, चुलीला दगड कुठले घ्यायचे, कुठला गोटा तापला की फुटतो, सगळं सांगत सुटले. चष्मेवाला वहीत उतरवून घ्यावं अशा तन्मयतेनं ऐकत होता. बारक्या खुंटी ठोकत होता आणि ती सारखी निसटत होती. आप्पा थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या हातातून हातोडी घेतली, खुंटी कलती धरली आणि म्हणाले, "अशी तिरकी ठोक, सरळ ठोकलीस तर वाळू धरत नाही." हे ते बारक्याला म्हणाले. थेट. मध्ये आई नाही, कुणी नाही. बारक्या म्हणाला, हो आप्पा. आणि त्यानं ती तिरकी ठोकली.

आईनं हे पाहिलं. तिनं लगेच आमच्याकडे पाठ केली आणि पातेल्यात काहीतरी ढवळायला लागली. पातेलं रिकामं होतं.

जेवण साधंच, उकडलेली अंडी, निखाऱ्यात भाजलेले बटाटे, पाव. पण हसत खेळत झालं. आप्पांनी बारक्याला दुसरा बटाटा वाढला, तोही न विचारता. जेवण झाल्यावर पातेलं बुडाला काळं झालं होतं. मी म्हटलं राहू दे, घरी घासू. आईला घाण भांडं गाडीत चालायचं नाही. ती ते घेऊन पाण्याशी गेली आणि ओल्या वाळूनं घासायला बसली. चष्मेवाल्याची बायको टॉवेल घेऊन वर अंघोळीला गेली. आप्पांनी चुलीवर चहा ठेवला.

तेव्हा भोंगा वाजला.

आधी आप्पांची मान वर झाली. तोंडभर हसले. म्हणाले, वाजला बघा, शनिवार दुपार, अजून चुकलेले नाहीत. आवाज कड्यांवर आपटून घुमत होता, मागून येतोय की पुढून ते समजत नव्हतं. एकच लांब, न तुटणारा. चष्मेवाला घाईनं आमच्या चुलीशी आला, पायात चपला नव्हत्या. त्याला पाटी आठवली असणार. त्यानं आप्पांना विचारलं, काका, हे काय आहे, वर जायचं का? आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दगडावर बसवलं. चाचणी आहे, दर शनिवारची, मी आख्खी नोकरी हाच भोंगा वाजवण्यात काढली, बसा, चहा घ्या. तो ओशाळून हसला आणि बसला.

बारक्या उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आप्पांनी चाचणी म्हटलं म्हणून मलाही ती चाचणीच वाटली होती. मी विचारलं, काय रे? तो माझ्याकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता. आई पाण्याशी उकिडवी बसली होती, हातात पातेलं. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं की हा आता परक्या माणसासमोर आप्पांना काहीतरी बोलणार. इतक्या महिन्यांनी जुळत आलेलं तोडणार. तिनं मान हलवली. एवढीशी, डावीकडून उजवीकडे. तिची ती मान आम्हाला पाळण्यापासून माहीत होती.

बारक्या चुलीशी गेला आणि म्हणाला, "आप्पा, जरा इकडे येता? एक मिनिट काम आहे."

आप्पा कुरकुरले. चहा उतू जाईल म्हणाले. पण पोरगं स्वतःहून बोलावतंय म्हटल्यावर उठले. बारक्या त्यांना पायवाटेनं वर घेऊन चालला, लांब लांब ढांगा टाकत, त्यांच्या कोपराला धरून. मला वाटलं, आता या दोघांची जुंपणार आणि सगळं मुसळ केरात. म्हणून मीही मागोमाग गेले. जाता जाता आईला म्हटलं, बघते मी. ती मान खाली घालून परत घासायला लागली होती. भोंगा वाजतच होता.

टप्प्याच्या थोडं खाली, मोठ्या खडकाआड, चष्मेवाल्याला ऐकू जाणार नाही अशा जागी बारक्या थांबला आणि खालच्या आवाजात सांगायला लागला. आप्पा, ते बदललंय. चाचणी नाही ही. आईला वर बोलवायला हवं. एवढं बोलेस्तोवर आप्पांचा चेहरा तांबडा झाला. ते म्हणाले, "तू मला भोंगा शिकवणार?" बारक्या म्हणाला, "आप्पा, पाया पडतो," आणि तो वळून खाली ओरडला, आई, वर ये. मीही ओरडले, माझा सगळा गळा काढून ओरडले. पण पाण्याचा आवाज आधीच आला होता. ट्रकमधून खडी ओततात ना, तसा. वळणावरून पाणी आलं ते पाण्यासारखं नव्हतं. चॉकलेटी रंगाचं, झाडं आणि माती घेऊन, माणसाच्या दुप्पट उंचीचं. आई उठून उभी राहिली होती. तिच्या हातात पातेलं होतं. चष्मेवाला तिच्याकडे धावला, वर नाही धावला, तिच्याकडे धावला, हे मी पाहिलंय. मग तिथं काहीच उरलं नाही. तंबू नाही, चूल नाही, वाळूसुद्धा नाही. भोंग्याचा खांबही गेला आणि आवाज बंद झाला.

बारक्या खाली झेपावत होता. त्याला मी आणि आप्पांनी धरून ठेवलं. आप्पांच्या हातात तेव्हाही केवढी ताकद होती.

आई शहरातल्या पहिल्या पुलाखाली सापडली. चष्मेवाला त्याच्याही पुढे. आईचं मला इथं जास्त सांगायचं नाही. तिला ओळखायला मी गेले, बारक्याला नेलं नाही, एवढंच.

घरी माणसं यायला लागली. आप्पा खुर्चीत बसून असायचे, बोलायचे नाहीत. मग कुणीतरी नातेवाईक म्हणाला, भोंगा वाजला नाही का हो? आणि आप्पा म्हणाले, भोंगा वाजला असता तर मी तिथं चहा करत बसलो असतो का? माणसांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे. ज्या माणसानं जन्मभर भोंगा वाजवला त्याला भोंगा कळणार नाही? पुढच्या माणसाला आप्पांनी तेच सांगितलं, जरा जास्त जोरात. आठवडाभरात ते त्यांनाच खरं वाटायला लागलं. खोटं बोलत नव्हते ते. खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो, आप्पा सरळ डोळ्यांत बघून सांगायचे.

बारक्या तिथंच भिंतीला टेकून उभा असायचा आणि ऐकायचा.

मी त्याला जिन्यात गाठून विचारलं, तुझी जीभ काय लुळी पडलीये का? तो म्हणाला, त्यांच्याकडे तेवढंच उरलंय ताई, ते कसं काढून घेऊ? मी म्हटलं, आणि तुझ्याकडे काय उरणार आहे, गजांची कोठडी? तो म्हणाला, बघू. मला इतका संताप आला की मी जिन्याच्या कठड्यावर हात आपटला, तो पुढे कितीतरी दिवस दुखत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारेही आपणच.

चौकशी बसली. शहरातल्या खोलीतून भोंग्याचा हुकूम गेला होता, हे यंत्रात दिसत होतं. पण खांबावर तो वाजला की नाही, हे यंत्राला कळत नव्हतं, आणि खांब वाहून गेला होता. कॉलेजच्या पोरांचा तळ उंचावर होता म्हणून ती वाचली, पण गाण्यांच्या दणदणाटात त्यांनी काही ऐकलं नव्हतं. चौकीदार फाटकावर नव्हता, म्हणून तो शपथेवर सांगत होता की मी फाटकावरच होतो आणि मला काही ऐकू आलं नाही. चष्मेवाल्याची बायको गरम पाण्याच्या मोटारीच्या घरघरीत होती. म्हणजे राहिलो आम्ही तिघं. बारक्यानं लिहून दिलं, भोंगा वाजला. आरोप ज्याच्यावर, तो दुसरं काय म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं.

पाणीखात्याच्या इमारतीत एका लांबट खोलीत सुनावणी होती. खुर्च्यांच्या रांगा, वर पंखा, समोर टेबलामागे तिघं जण. मधल्या बाईंना सर्दी झाली होती. पहिल्या रांगेत चष्मेवाल्याची बायको एकटीच बसली होती. ती सारखी बारक्याकडे बघत होती. शिवीगाळ करून मोकळी झाली असती तर बरं झालं असतं.

आप्पांना आधी बोलावलं. त्यांचा सदरा मीच इस्त्री करून दिला होता. खुर्चीत ताठ बसून त्यांनी आपली नोकरी सांगितली, शनिवारची चाचणी सांगितली. मधल्या बाईंनी विचारलं, त्या दिवशी भोंगा वाजला का? आप्पा म्हणाले, नाही. बाईंनी परत विचारलं, नक्की? आप्पा म्हणाले, वाजला असता तर माझी बायको आज घरी असती. पुढच्या रांगेतली ती बाई रडायला लागली. बारक्या आपल्या बुटांकडे बघत बसला.

मग माझं नाव पुकारलं. फार वाईट पुकारलं, अर्धं गिळून. मी उठले. मला काय करायचंय ते मी आदल्या दिवसापर्यंत ठरवलं नव्हतं, पण त्या खुर्चीत बसल्यावर काही ठरवायचं शिल्लक नव्हतं. बाईंनी तोच प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "वाजला."

दवाखान्यातला आवाज लागला माझा, शेवटच्या रांगेपर्यंत. म्हटलं, एकच लांब, बराच वेळ, खांब पडेपर्यंत. आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आप्पा बाजूच्या खुर्चीत होते. ते माझ्याकडे झुकले. रागावले नव्हते. खालच्या आवाजात, अगदी आईच्या चालीवर म्हणाले, "अगं, चारचौघांत काय हे. घरी गेल्यावर बोलू."

त्यांच्या तोंडून ते ऐकलं आणि सवयीनं माझी मान खाली गेली. मग म्हटलं, "घरी आता कोण आहे आप्पा, नळ सोडून सांगायला?"

आणि मी सगळं सांगितलं. पाटी सांगितली, चहा सांगितला. चष्मेवाला अनवाणी आला होता आणि काय विचारत होता, तेही सांगितलं. तेवढं सांगताना मी पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही. पण ती बाई उठून उभी राहिली होती. समितीतल्या एकानं तिला बसायला सांगितलं, मधल्या बाईंनी त्याला हातानं थांबवलं.

तिनं आप्पांना विचारलं, "यांनी तुम्हाला येऊन विचारलं होतं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग बारक्याकडे. मग आमच्यामधल्या जागेत ते जरा वेळ काहीतरी शोधत राहिले. आई असती तर तिनं हा प्रश्न कसाही करून वळवला असता. आम्ही दोघांनी तो वळवला नाही.

"विचारलं होतं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बसा म्हटलं." त्यांचे हात गुडघ्यांवर होते. "चहा घ्या म्हटलं."

तिनं पिशवी उचलली आणि ती खोलीतून निघून गेली. मधल्या बाईंनी नाक पुसलं आणि आप्पांना पाणी द्यायला सांगितलं.

बारक्या सुटला. कागद नंतर आला, पण ते त्या खोलीतच सगळ्यांना कळलं होतं. बाहेर पडताना त्याच्या साहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं माझे आभारबिभार मानले नाहीत. गाडीचं दार उघडता उघडता म्हणाला, आईला हे आवडलं नसतं, ताई. मी म्हटलं, नसतंच आवडलं.

आप्पा मागे बसले. पुढे बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मीही मागेच बसले, त्यामुळे पुढची आईची जागा रिकामी राहिली. शहर ओलांडून आम्ही पुलापर्यंत आलो. पुलावर सिग्नलला गाडी थांबली. खालून नदी वाहत होती, उथळ, शांत, तिला कशाचं काही नाही.

आप्पा बारक्याला म्हणाले, थेट त्यालाच, "मला बाजूला कशाला नेलंस तू? तिथंच का नाही सांगितलंस रे?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. बारक्यानं गाडी पुढे काढली, आरशात न बघता.

"चारचौघं होते ना, आप्पा," तो म्हणाला.